मांगावरून लाइव्ह-अ‍ॅक्शन सिनेमा करायचाय? हक्कांपासून रफ कटपर्यंत पूर्ण प्रोसेस

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, हातात घेतली की वाटतं, अरे हा तर रेडीमेड स्टोरीबोर्ड आहे, फ्रेम ठरलेल्या, डायलॉग लिहिलेले, कॅरेक्टरचे कपडेसुद्धा कुणीतरी आधीच डिझाइन करून ठेवलेत, आता फक्त कॅमेरा लावायचा. बरेचसे लाइव्ह-अ‍ॅक्शन, म्हणजे खऱ्या नटांना घेऊन केलेले, सिनेमे याच समजुतीपायी फसलेत. मांगा वाचताना वेळ वाचकाच्या हातात असतो, एखाद्या पानावर तुम्ही दोन मिनिटं रेंगाळता आणि मारामारीची वीस पानं अर्ध्या मिनिटात उलटता, थिएटरमध्ये मात्र सगळ्यांना एकच वेळ आणि तो दिग्दर्शकाने ठरवलेला. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की पान वाचताना वाचकाच्या मनात जे होतं ते पडद्यावर घडवायचं, आणि त्यासाठी चित्र बदलावं लागलं, प्रसंग हलवावा लागला, एखादं लाडकं पात्र काढावं लागलं तरी काढायचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

मुख्य उदाहरण म्हणून मी रुरौनी केनशिन घेतोय. नोबुहिरो वात्सुकीची ही मांगा शुएइशाच्या शोनेन जंप साप्ताहिकात १९९४ ते १९९९ चालली, २८ खंड झाले, आणि केइशी ओतोमोने त्यावर पाच सिनेमे केले, २०१२ मध्ये एक, २०१४ मध्ये दोन, २०२१ मध्ये दोन. पाचही एकाच दिग्दर्शकाचे आणि नायक प्रत्येकात ताकेरू सातोच, त्यामुळे काय ठेवलं, काय टाकलं, काय पुढे-मागे केलं हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. शिकायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. (पुढे काही कथांचे शेवट फुटणार आहेत, त्याशिवाय नीट सांगता येणार नाही.)

आधी वाचा, पण वेगवेगळ्या कारणांनी

पहिलं वाचन साधं, मजेसाठी. फक्त पेन्सिल जवळ ठेवा आणि जिथे तुम्ही आपोआप थांबलात, मागे जाऊन पान पुन्हा बघितलंत, त्या पानावर खूण करा. या खुणा खूप मोलाच्या आहेत, कारण चाहत्यांना सिनेमात हेच क्षण हवे असतात आणि ते बऱ्याचदा मोठ्या मारामाऱ्या नसतातच, कुणीतरी दारात उभं आहे, कुणीतरी ताट वाढतंय, असले असतात.

दुसऱ्या वाचनात हिशोब. एका खंडात साधारण १८० ते २०० पानं, म्हणजे २८ खंड धरले तर पाच हजारांच्या वर पानं, आणि दोन तासांच्या सिनेमाची स्क्रिप्ट साधारण १२० पानांची. प्रत्येक चॅप्टरसाठी एक ओळ लिहा: या चॅप्टरच्या आधी आणि नंतर गोष्टीत काय बदललं? साप्ताहिक मांगाचे चॅप्टर एकोणीस-वीस पानांचे असतात आणि दर आठवड्याला शेवटच्या पानावर झटका द्यावा लागतो, त्यामुळे असे बरेच चॅप्टर सापडतील ज्यात धमाल खूप आहे पण गोष्ट तिथेच उभी आहे. ते चॅप्टर वाईट नसतात, साप्ताहिकाच्या लयीत ते लागतातच, सिनेमात मात्र त्यांना जागा नाही.

हक्क: इथे घाई नको

जपानमध्ये मांगाचे हक्क सहसा मांगाकाकडेच, म्हणजे ती लिहिणाऱ्या-काढणाऱ्याकडेच, असतात, पण बोलणी त्याच्या वतीने प्रकाशक करतो, म्हणजे शुएइशा, कोदान्शा, शोगाकुकान वगैरे. तुम्ही थेट लेखकाला गाठायला जाऊ नका, प्रकाशकाच्या हक्क विभागाकडे प्रपोजल द्यायचं असतं: कुठला भाग घेणार, दिग्दर्शक कोण, लेखक कोण, पैसा कुठून येणार, कुठे रिलीज करणार. जपानमध्ये बहुतेक वेळा निर्मिती समिती बसते, म्हणजे टीव्ही चॅनल, वितरक, प्रकाशक, जाहिरात कंपनी असे सगळे मिळून पैसे घालतात आणि नफा-तोटा वाटून घेतात. धोका वाटला जातो हे चांगलं, पण स्क्रिप्टवर मत देणारी माणसंही तेवढीच वाढतात.

पैशाचं उदाहरण म्हणजे थर्मे रोमे. २०१२ चा सिनेमा, जपानमध्ये ५ अब्ज येनच्या वर कमाई, आणि मूळ मांगाका मारी यामाझाकीने नंतर टीव्हीवर सांगितलं की सिनेमासाठी तिला साधारण दहा लाख येन मिळाले. केवढा गाजावाजा झाला होता त्यावर. करारात एकरकमी रक्कम आहे की कमाईचा वाटा, सीक्वेलचं काय, खेळणी आणि टी-शर्टचं काय, स्ट्रीमिंगचं काय, हे एकेक करून लिहून घ्या. तुम्ही निर्माते असलात तरी. लेखकाला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटत असेल तर त्या सिनेमाला त्याचा मनापासून पाठिंबा कसा मिळणार?

आणि पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे बदल. जपानच्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या कृतीत फेरफार होऊ नयेत असा वेगळा हक्क आहे, आणि तो विकताही येत नाही. सेक्सी तानाका-सान या मांगावर २०२३ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निप्पॉन टीव्हीवर मालिका आली, मांगाशी प्रामाणिक राहा अशी लेखिका हिनाको आशिहाराची अट होती, त्यावरून ओढाताण झाली, शेवटचे दोन भाग तिने स्वतः लिहिले, आणि २०२४ च्या जानेवारीत तिचा मृत्यू झाला. त्यानंतर चॅनल आणि प्रकाशक दोघांनीही चौकशीचे अहवाल काढले. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण लेखिकेचं म्हणणं मधल्या माणसांच्या साखळीतून पटकथाकारापर्यंत धड पोचत नव्हतं हा त्यातला मोठा मुद्दा होता. म्हणून काय बदलू शकतो, काय अजिबात बदलायचं नाही आणि ड्राफ्ट कोण कधी वाचणार, हे सगळं लेखी हवं, आणि जमेल तिथे लेखक आणि पटकथाकार यांची समोरासमोर भेट घडवा.

वन पीस या मांगावरच्या २०२३ च्या मालिकेत तिचा मांगाका एइइचिरो ओदा स्वतः कार्यकारी निर्माता होता आणि त्याचं समाधान होईपर्यंत ती येणार नाही हे त्याने जाहीर केलं होतं. सगळ्यांना असं जमणार नाही, पण लेखकाला टेबलावर खुर्ची दिली की काय होतं ते तिथे दिसलं.

आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट: भारत आणि जपान दोघंही बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत, त्यामुळे मांगा जपानी आहे म्हणून इथे कुणी विचारणार नाही असं समजू नका. शिकायचं असेल तर दहा-पंधरा पानांचा एक सीन घ्या, मित्रांना घेऊन मोबाइलवर शूट करा, एडिट करा, आणि तो आपल्या ग्रुपपुरताच ठेवा.

खुंटी शोधा

सगळी गोष्ट जिच्यावर टांगलेली असते ती एक खुंटी. केनशिनची खुंटी लाल केस, गालावरची फुली, उलट्या धारेची तलवार यातली एकही नाही. ती आहे त्याची शपथ: ज्याने क्रांतीच्या काळात असंख्य माणसं मारली तो आता ठरवतो की कुणालाच मारायचं नाही, आणि मग प्रश्न असा की जवळच्या माणसाला वाचवायला मारणं भाग पडलं तर? हा प्रश्न एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. जो प्रसंग या शपथेची परीक्षा घेतो तो राहील, जो घेत नाही तो कितीही गाजलेला असला तरी जाईल. वाद झाले की, आणि ते होणारच, त्या भिंतीवरच्या वाक्याकडे बोट दाखवायचं.

कुठला भाग, काय जोडायचं, काय टाकायचं

इथे जरा सावकाश जाऊ, कारण खरं काम इथेच आहे. २०१२ चा पहिला सिनेमा बघा. मांगाच्या सुरुवातीला खोटा बात्तोसाई (बात्तोसाई हे केनशिनचं मारेकरी असतानाचं नाव) एक वेगळाच गुंड आहे, मग थोड्या वेळाने जिन-ए हा खुनी येतो, आणि अफूचा व्यापारी कानर्यू त्याच्या वेगळ्या गोष्टीत येतो. सिनेमात खोटा बात्तोसाई म्हणजेच जिन-ए, आणि तो कानर्यूसाठी काम करतो. तीन गोष्टींची एक झाली. त्यात नुसती जागा वाचली असं नाही, तर जो माणूस केनशिनचं जुनं नाव चोरून खून करत फिरतो त्याच्याशीच शेवटची लढत होते, म्हणजे तो स्वतःच्या भूतकाळाशीच लढतोय हे कुणी बोलून न दाखवता कळतं.

याहून भारी काम सुरुवातीच्या सीनमध्ये आहे. सिनेमा तोबा-फुशिमीच्या लढाईपासून सुरू होतो, १८६८ चा जानेवारी, बर्फ, चिखल, प्रेतं, लढाई संपते आणि केनशिन आपली तलवार तिथेच रोवून निघून जातो. ती तलवार जिन-ए उचलतो. शपथ ही मनातली गोष्ट, ती कॅमेऱ्याला दिसत नाही, पण टाकलेली तलवार दिसते आणि ती दुसऱ्याने उचललेलीही दिसते. मांगामध्ये मनात असलेली गोष्ट एखाद्या वस्तूत आणायची ती अशी.

आता टाकलेलं बघा. कानर्यूच्या भागात मांगामध्ये आओशी आणि त्याचे ओनिवाबानशू, म्हणजे त्याची हेरांची टोळी, आहेत, चाहत्यांचे प्रचंड लाडके, आणि पहिल्या सिनेमात ते नाहीतच! त्यांच्या जागी गेइन आणि बानजिन ही पात्रं आणली जी मांगामध्ये अगदी शेवटच्या भागातली आहेत. का? कारण आओशीचे साथीदार मरतात त्या दुःखावर त्याची पुढची सगळी वाटचाल उभी आहे, आणि शेवटच्या अर्ध्या तासात कोंबलं असतं तर ते मरण नुसतं मरण झालं असतं. आओशीला २०१४ पर्यंत थांबवलं. उलट साइतो हाजिमे मांगामध्ये सातव्या खंडाच्या आसपास येतो, त्याला मात्र पहिल्याच सिनेमात आणलं, कारण केनशिनला त्याच्या जुन्या आयुष्यातून ओळखणारा कुणीतरी सोबत हवा होता. वन पीसमध्येही गार्प या नौदल अधिकाऱ्याला असंच खूप आधी आणलंय, पाठलाग करणारं एक ठळक तोंड मिळालं की सुट्या सुट्या गोष्टी एका दोरीत ओवल्या जातात.

फ्लॅशबॅकचंही तेच. मांगा मोठी लढाई अर्धवट थांबवून लांबलचक भूतकाळ सांगू शकते, वाचक आठवडेच्या आठवडे थांबतो. सिनेमात असं केलं तर दोन्हीची वाट लागते. ओतोमोने केनशिनच्या फुलीमागची गोष्ट आख्खी बाहेर काढली, तिचा स्वतंत्र सिनेमा केला आणि तो सगळ्यात शेवटी, २०२१ च्या जूनमध्ये आणला. काळाच्या क्रमाने ती पहिली गोष्ट, पण आपण चार सिनेमे त्या माणसाला हसताना बघितलेलं असतं म्हणून ती जास्त लागते.

मूळ मांगा सिनेमाच्या मापात संपत नसेल तर शेवट स्वतः शोधावा लागतो. डेथ नोट ही अशा वहीची गोष्ट, जिच्यात नाव लिहिलं की तो माणूस मरतो; ती वही लाइटकडे असते आणि एल हा गुप्तहेर त्याच्या मागावर असतो. तिच्या १२ खंडांत एल मध्येच मरतो आणि त्याचे वारसदार पुढे लढतात. शुसुके कानेकोचे २००६ चे दोन सिनेमे एल आणि लाइट यांच्यातच संपतात, एल स्वतःचं नाव वहीत लिहून मृत्यूची वेळ पुढची ठरवतो आणि त्या मुदतीत लाइटला पकडतो. हे मांगामध्ये नाही, पण वहीच्या नियमांतूनच आलंय, म्हणून ते पटतं.

मनातलं बोलणं

शोनेन (मुलांसाठीच्या) मांगाची पात्रं वाराच्या मधोमध पानभर विचार करतात. व्हॉइसओव्हर हा पहिला सुचणारा उपाय आणि तो थोडा चालतोही, पण सगळा सिनेमा त्यावर टाकू नका. डेथ नोटच्या पहिल्या सिनेमात लाइटला शिओरी नावाची मैत्रीण दिली, ती मांगामध्ये नाहीच. शेवटी नाओमी मिसोरा त्या शिओरीला ओलीस धरते, लाइट गयावया करतो, दोघी मरतात, आणि मग कळतं की हे सगळं त्यानेच आधी वहीत लिहून ठेवलं होतं. तो किती थंड डोक्याचा आहे हे सांगायला दहा पानांचा विचार लागला असता, इथे आपण त्याचं रडणं खरं मानतो आणि मग हादरतो.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये करायचं असं: मनातल्या बोलण्याचं प्रत्येक पान घ्या आणि विचारा, हे कळावं म्हणून तो काय करेल, काय लपवेल, कुणाशी खोटं बोलेल? काहीच सुचलं नाही तर तो विचार बहुधा फक्त माहिती होती, ती गेली तरी चालेल.

पानावरून शॉटवर

समजा एक पान आहे, द्वंद्वाच्या आधीचं. उजवीकडून वाचायला सुरुवात: वर आडवं पॅनेल, गवत वाऱ्याने वाकलंय. त्याखाली उभी अरुंद चार पॅनेलं, पायाचा अंगठा मातीत रुततोय, एकाचे डोळे, तलवारीच्या मुठीवर अंगठा, दुसऱ्याच्या कपाळावर घाम. शेवटचं पॅनेल पूर्ण पांढरं. पान उलटलं की दोन पानं भरून एकच चित्र, दोघं एकमेकांना ओलांडून गेलेत.

नवखा माणूस याचे सात शॉट करतो आणि क्लोजअपची माळ लागते. मी असं करेन: त्या चार उभ्या पॅनेलांचं काम वेळ ताणणं आहे, म्हणून दोघंही दिसतील असा एकच शॉट, हळूहळू पुढे सरकणारा, आणि त्यातला एकच तपशील निवडायचा, मला अंगठा रुतणं आवडेल कारण त्याला आवाज आहे. पांढरं पॅनेल म्हणजे आवाज बंद, वारा आणि किडे एकदम थांबले पाहिजेत (मांगा शांततासुद्धा अक्षरांत लिहिते, सिनेमाला ती ऐकवता येते). पान उलटणं म्हणजे कट. आणि त्या मोठ्या चित्रात वार दिसतच नाही, आधीचं आणि नंतरचंच असतं, तिथे ठरवायला लागेल की मधला वार दाखवायचा का.

अजून दोन व्यवहारी गोष्टी. उभं पॅनेल रुंद पडद्यावर बसत नाही, ते हुबेहूब हवं असेल तर कॅमेरा खालून वर न्या किंवा पात्राला दाराच्या चौकटीत उभं करा, नाहीतर दोन्ही बाजूंना नुसती रिकामी जागा राहते. आणि जपानी पानावर हालचाल बऱ्याचदा उजवीकडून डावीकडे जाते, ती तशीच ठेवली पाहिजे असं नाही, फक्त एका सीनमध्ये एकच दिशा पक्की ठेवा. पहिल्या वाचनातल्या खुणांपैकी दोन-तीन फ्रेम मात्र अगदी तंतोतंत करा. चाहते त्या ओळखतात आणि त्यांना आपली कदर केल्यासारखं वाटतं.

चेहरे, केस, कपडे

कास्टिंग करताना चेहरा जुळतो का याआधी बघा की शरीर जुळतं का, चालणं, बसणं, थांबणं. सातोने ओतोमोच्याच २०१० च्या एनएचके मालिकेत ओकादा इझो या मारेकऱ्याचं काम केलं होतं, म्हणजे गोड चेहरा आणि मारेकऱ्याचे डोळे हे कॉम्बिनेशन दिग्दर्शकाने आधीच पाहिलेलं होतं. थर्मे रोमेमध्ये तर प्रश्नच वेगळा, रोमन माणसं जपानी नटांनी करायची! त्यांनी हिरोशी आबेसारखे ठसठशीत, उठावदार नाकाडोळ्यांचे नट निवडले, सेटसाठी रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत गेले, आणि ती विसंगती विनोदी सिनेमात छान मुरली. गंभीर सिनेमात असं चालेलच असं नाही.

केसांचा मांगातला रंग हा बऱ्याचदा गर्दीत पात्र ओळखू यावं म्हणून असतो. केनशिनचे भडक लाल केस सिनेमात मळकट तांबूस झाले आणि कुणाचं काही अडलं नाही. विग टेस्ट नुसत्या मेकअप रूमच्या दिव्यात करू नका, उन्हात करा, घामात करा, पळायला लावून करा. कपडे तर जुने केलेच पाहिजेत, धुवा, घासा, उन्हात टाका, ठिगळं लावा. २०२४ च्या गोल्डन कामुइचे पहिले फोटो आले तेव्हा कपडे फार नवेकोरे दिसतात अशीच चाहत्यांची तक्रार होती. त्याच सिनेमाची चांगली बाजूही सांगतो, ऐनू या उत्तर जपानमधल्या मूळ रहिवाशांच्या भाषेसाठी आणि संस्कृतीसाठी मांगाचे भाषातज्ज्ञ हिरोशी नाकागावा सिनेमालाही होते. एखाद्या समाजाची गोष्ट असेल तर असा माणूस स्क्रिप्टच्या पहिल्या ड्राफ्टपासून घ्या.

अ‍ॅक्शन

केनशिनचा अ‍ॅक्शन दिग्दर्शक केन्जी तानिगाकी हाँगकाँगमध्ये डॉनी येनबरोबर काम केलेला माणूस. मांगाचा केनशिन डोळ्याला दिसणार नाही इतका वेगवान आहे, ते सीजीने, म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्सने, धूसर करून दाखवता आलं असतं, पण तानिगाकीने नटालाच पळवलं, जमिनीला टेकेल इतकं झुकून, घसरत, भिंतीवर पाय देऊन, आणि सातोने त्यातलं बरंचसं स्वतः केलं. वेग माणसाच्या अंगात दिसला की बघणाऱ्याचा विश्वास बसतो. वारांची नावं ओरडणंही खूप कमी केलं, खरा माणूस ते ओरडला की प्रसंगाचा ताण सुटतो.

तुम्ही करताना पूर्ण मारामारी आधी रिहर्सल हॉलमध्ये छोट्या कॅमेऱ्यावर शूट करून एडिट करून बघा, प्रॉपच्या जागी खोके, भिंतीच्या जागी गाद्या. तिथे कंटाळवाणी वाटली तर सेटवरही वाटणार. प्रत्येक मारामारीत गोष्टीचं काहीतरी बदललं पाहिजे, आणि आवाज विसरू नका, केनशिनची धार उलटी आहे म्हणजे वार कापत नाही, हाडावर बसतो, त्याचा आवाज आणि पडणाऱ्याचं पडणं दोन्ही वेगळं हवं.

बजेट नसेल तर हताश होऊ नका. पार्क चान-वूकच्या २००३ च्या ओल्डबॉयमधली कॉरिडॉरची मारामारी एका बाजूने, एकाच सलग शॉटमध्ये आहे, ती मिळवायला तीन दिवस लागले पण जागा म्हणाल तर एक बोळ. हाही आठ खंडांच्या जपानी मांगावरूनच आलाय, आणि त्याने नायकाला कोंडण्यामागचं कारणच बदलून टाकलं.

रफ कट कुणाला दाखवायचा

रफ कट म्हणजे पहिलं कच्चं एडिट. ते दाखवायचं दोन गटांना, आणि वेगवेगळं बसवून. एक, मांगा पाठ असलेले. दोन, नावही न ऐकलेले. पहिल्या गटाला "काय राहिलं?" असं विचारू नका, यादी संपणार नाही, त्यांना विचारा की कुठल्या क्षणी हे पात्र तुम्हाला अनोळखी वाटलं. दुसऱ्या गटाला सिनेमा संपल्यावर गोष्ट तोंडी सांगायला लावा आणि मध्ये बोलू नका, ते जिथे अडखळतात तिथे तुम्ही मांगातली माहिती गृहीत धरलेली असते. दोन्ही गट एकाच सीनवर बोट ठेवत असतील तर तो सीन आधी उघडा. आणि या सगळ्यानंतर, पिक्चर लॉक करायच्या, म्हणजे एडिट कायमचं पक्कं करायच्या, आधी, कट मांगाकाला दाखवायचा, सबटायटल आणि तात्पुरत्या म्युझिकसह, आणि त्याचं म्हणणं ऐकून बदल करता येतील इतके दिवस शेड्यूलमध्ये सुरुवातीपासूनच राखून ठेवायचे.